दावणीला नवी गाय बांधण्याआधी: लागणीचे रोग, गाठी आणि वंशातून येणारे दोष

दुधाच्या धंद्यात नवा उतरलेला माणूस बाजारात एकच प्रश्न विचारतो: दूध किती देते? हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, धार काढून दाखवतो, रुमालाखाली बोटं दाबली जातात, इसार दिला जातो आणि गाय टेम्पोत चढते. मागे कधी गाभडली होती का, म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ टाकला होता का, कानातला टॅग कुणाच्या नावावर आहे, डोळ्याच्या कोपऱ्यात ते गुलाबी काय दिसतंय, हे कुणी विचारत नाही. मी संकरित गाईंचा गोठा चालवतो. आसपासची पोरं गाई आणायला निघाली की आधी मला विचारतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहे. हे सगळं गाई-बैलांपुरतं आहे. शेळ्या आणि कोंबड्यांचं गणित वेगळं.

गोठ्यातलं मोठं दुखणं बहुतेकदा बाहेरून येतं. विकतच्या जनावराबरोबर येतं, एकाच सुईने सगळ्या दावणीला टोचताना येतं, नाहीतर कृत्रिम रेतनासाठी वापरतात त्या वळूच्या रेताच्या कांडीतून पुढच्या पिढीत उतरतं. म्हणून पैसा आणि काळजी दारातच खर्च करायची. आत आलेला रोग बाहेर काढायला कितीतरी जास्त लागतं.

१. बाजाराला निघण्याआधी काय हवं

जवळ ठेवायच्या वस्तू:

- नव्या जनावरासाठी जुन्या गोठ्यापासून लांब, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला जागा. तिथली गव्हाण, पाण्याचं टिप, बादली, खराटा सगळं वेगळं.
- गुदद्वारात लावायचा थर्मामीटर. गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं.
- चांगली टॉर्च, रबरी हातमोजे, गमबूट.
- चुना आणि धुण्याचा सोडा. लाळ खुरकुताच्या विषाणूवर सोड्याचं ४ टक्के द्रावण चालतं, म्हणजे १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम.
- कासदाह तपासायचं सीएमटीचं द्रावण आणि त्याची चार वाट्यांची पट्टी.
- एक जाड वही.

विकणाऱ्याकडून घ्यायचे कागद:

- कानातल्या टॅगचा १२ आकडी नंबर आणि त्यावरची ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन यादीतली नोंद. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. टॅग नसेल तर सौदा तिथेच थांबवा.
- लसीकरणाच्या नोंदी, तारखांसह.
- पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा आरोग्य दाखला आणि बाजार समितीची पावती.
- गाभण असेल तर रेतनाची तारीख आणि वळूचा नंबर.

टॅग हातात धरून नंबर वाचा आणि नोंदीशी ताडून पाहा. वय, रंग, जात, मालकाचं नाव यांतलं एक जरी जुळत नसेल तर त्या टॅगची लस दुसऱ्याच जनावराला टोचलेली असू शकते.

शक्य असेल तर बाजाराऐवजी गोठ्यावर जाऊन गाय घ्या. घोडेगाव, काष्टी, सांगोला असल्या मोठ्या बाजारात चार जिल्ह्यांची जनावरं एका दिवशी शेजारी-शेजारी उभी राहतात. गोठ्यावर गेलात तर गाईची आई दिसते, बहिणी दिसतात, आणि वंशातला दोष ओळखायला त्याहून चांगली सोय नाही.

२. कासेआधी डोळा, शिंग आणि गळा पाहा

तुंबवलेली कास सगळ्यांनाच भुलवते. तुम्ही तोंडाकडून सुरुवात करा.

डोळा. काळ्या-पांढऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईच्या डोळ्याभोवतीची कातडी काळी आहे की गुलाबी, ते आधी बघा. गुलाबी, रंगद्रव्य नसलेल्या पापणीच्या जनावराला डोळ्याचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त असते, कारण ऊन थेट त्या कातडीवर काम करतं. पापणीचा रंग आई-बापाकडून येतो. म्हणजे कर्करोग जसाच्या तसा वारशाने येत नाही. त्याला बळी पडणारी कातडी येते, आणि बाकीचं आपल्याकडचं ऊन करतं. गाईचं डोकं एका बाजूला धरा आणि वरच्या पापणीवरून बुबुळ अंगठ्याने हलकेच आत दाबा. नाकाकडच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पुढे सरकते. तिच्यावर किंवा बुबुळाचा काळा भाग पांढऱ्याला मिळतो त्या रेषेवर खरबरीत पांढुरका चट्टा किंवा गुलाबी, दाणेदार मांस दिसलं तर तो ‘उन्हाने आलेला डोळा’ नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढं असताना पशुवैद्यक ते काढून टाकतात आणि गाय अनेक वर्षं दूध देते. वाढू दिलं तर ते कानाखालच्या गाठीत उतरतं, मग हातात फारसं काही राहत नाही. घरच्या गाईला असं दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. विकतच्या गाईला दिसलं तर पुढच्या गाईकडे जा.

शिंग. हे मुख्यतः बैल घेणाऱ्यांसाठी. शिंगाचा कर्करोग आपल्याकडच्या लांब शिंगांच्या देशी जनावरांत, त्यातही खच्ची केलेल्या बैलांत, साधारण ५ ते १० वर्षं वयात दिसतो आणि बहुधा एकाच शिंगाला होतो. सुरुवातीला बैल फक्त डोकं झटकतो, शिंग खुंटाला घासतो, मान एका बाजूला कलती ठेवतो. मग त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येतं. शिंगाच्या बुडाशी हात लावला तर तिथे गरम लागतं आणि दाबलं की बैल मागे सरतो. पुढे शिंग ढिलं होतं, वाकतं, गळून पडतं आणि आतून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वर येतं. त्या अवस्थेत त्यावर माश्या बसतात, किडे पडतात आणि बैलाचे जे हाल होतात ते बघवत नाहीत. जुवाच्या दोराची सततची घासणी आणि शिंगं तासण्याची सवय यांवर कारण म्हणून संशय घेतला जातो. बाजारात दोन्ही शिंगं बुडाशी धरून हलकी हलवून बघा आणि दोन्ही नाकपुड्या पुसून बघा. नाकपुडीतून रक्त येतं म्हणजे ‘जळू गेली असेल’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. लवकर सापडलं तर शिंग बुडापासून काढतात आणि औषधाची इंजेक्शनं देतात, त्यातून बैल वाचतात.

गळा आणि खांदा. जबड्याखाली, कानाखाली आणि खांद्याच्या पुढे तळहात फिरवा. दोन्ही बाजूंच्या गाठी सारख्या आहेत का बघा.

३. गाठ सापडली तर घाबरण्याआधी काय ओळखायचं

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. गाठ म्हणजे कर्करोग असं नाही, आणि कर्करोग म्हणजे लागण नाही असंही नाही.

खांद्यापुढची गाठ सुजली आहे, ताप १०४ च्या वर आहे, अंगावर गोचीड आहेत, डोळ्याच्या आतली कातडी फिकी पडली आहे: हे बहुधा थायलेरियाचं दुखणं, ज्याला आपण गोचीड ताप म्हणतो. संकरित गाईंना ते जिवावर बेततं, पण रक्ताची काचपट्टी तपासून वेळेत बुपारव्हाकोन दिलं तर गाय उठते. गोचीड तापाच्या नावाखाली दुसरंही दुखणं येतं, ज्यात लघवी कॉफीच्या रंगाची होते. ते बॅबेसियाचं, औषध वेगळं. म्हणून ‘मागच्या वेळी दिलं तेच इंजेक्शन द्या’ असं डॉक्टरांना कधी सांगू नका, आधी काचपट्टी करून घ्या.

जबड्याच्या हाडालाच चिकटलेली, न हलणारी, कडक गाठ बहुधा जिवाणूची असते. तरण्या कालवडीच्या मानेवर, सडांवर चामखिळी असतील तर त्या विषाणूच्या. बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जातात, पण दोर, सुई आणि टॅगच्या चिमट्यातून दुसऱ्या कालवडीला लागतात. सडांवर असतील तर धार काढताना रोज त्रास, तेव्हा अशी गाय घेऊ नका.

ताप नाही, गाय हळूहळू वाळते आहे, दूध तुटलं आहे आणि अनेक ठिकाणच्या गाठी मोठ्या होत आहेत, कधी एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो आहे, असं ३-४ वर्षांपुढच्या गाईत दिसलं तर ल्युकोसिसचा विचार करावा लागतो. हा रक्ताचा कर्करोग विषाणूमुळे होतो. विषाणू एकदा शिरला की जन्मभर राहतो, मात्र लागण झालेल्या गाईंपैकी प्रत्यक्ष गाठी होतात त्या ५ टक्क्यांहून कमी. कुणाला गाठी होतील हे काही अंशी त्या गाईच्या वंशावर ठरतं. काही गाईंची रोगप्रतिकारक जनुकंच अशी असतात की विषाणू दबून राहतो. या रोगाला लस नाही, औषध नाही. पश्चिम युरोपातल्या अनेक देशांनी तपासणी करून लागण झालेली जनावरं काढून टाकली आणि रोग संपवला. आपल्याला हातात असलेली गोष्ट म्हणजे रक्त एका जनावरातून दुसऱ्यात जाऊ न देणं. ते सहाव्या पायरीत येईल.

४. पूर्ण पैसे देण्याआधी कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या

सौद्यात अट घाला: रक्ताचा अहवाल आला की उरलेले पैसे. चांगला विकणारा याला नाही म्हणत नाही.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी ब्रुसेलोसिसची. या रोगात गाय गाभणपणाच्या पाचव्या महिन्यानंतर, बहुतेकदा सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि पुढच्या वेळी कदाचित नीट विते, त्यामुळे विकायला धडधाकट दिसते. रोज बंगाल ही चाचणी रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत होते. शंका आली तर एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी. दुधाच्या कॅनमधलं एकत्र दूध तपासायची रिंग टेस्टही आहे. ज्या गोठ्यातून गाय घेताय त्या गोठ्याच्या एकत्र दुधाची ती करून मिळाली तर सगळ्या दावणीचा अंदाज येतो.

इथे एक सापळा आहे. दिवस भरत आलेल्या गाईची चाचणी काही वेळा खोटी स्वच्छ येते. बाजारात तर ‘आठ दिवसांत विणार’ अशाच गाई खपतात. अशी गाय घेतलीच तर विल्यानंतर ३-४ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा आणि तोवर वेगळी ठेवा. दुसरी अडचण उलटी: लहानपणी ब्रुसेलाची लस झालेल्या कालवडीचं रक्त काही काळ लसीमुळेही होकार दाखवू शकतं. म्हणून डॉक्टरांना लसीची तारीख सांगा.

क्षयाची चाचणी मानेच्या कातडीत टोचून करतात आणि ७२ तासांनी कातडीची जाडी मोजतात, त्यामुळे ती बाजारात होत नाही. गोठ्यावर घेतलेल्या गाईचीच होते. भरपूर खाऊनही वाळत चाललेली, औषधाने तात्पुरतं थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या पातळ शेणाची गाय जोन्सच्या रोगाची असू शकते. ती स्वस्तात मिळते. घेऊ नका.

कासेसाठी चारी सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत सीएमटीला लावा. ज्या वाटीतलं दूध घट्ट, चिकट होतं त्या सडात कासदाह आहे, दूध दिसायला पांढरंशुभ्र असलं तरी.

नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातात. मोठ्या तपासण्या पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात होतात.

५. घरी आणल्यावर

किमान २१ दिवस नवी गाय वेगळी. लंपीचा उद्रेक आसपास असेल तर २८ दिवस. २०२२ साली लंपीने महाराष्ट्रात जो कहर केला तो ज्यांनी पाहिला त्यांना हे पटवावं लागत नाही. नव्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

रोज सकाळी-संध्याकाळी ताप बघून वहीत लिहा. पहिल्या दोन दिवसांवर जाऊ नका, कारण ताप दाबायचं इंजेक्शन देऊन जनावर बाजारात उभं केलेलं असेल तर त्याचा असर तोवर टिकतो. आधी जुन्या गाईंचं शेण-पाणी आणि धार, मग नवीचं. उलटं कधीच नाही. मजूर एकच असेल तर मधे हात-पाय धुवून गमबूट सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावा. पहिल्याच दिवशी गोचीड बघा: कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या वरच्या घडीत. औषध अंगावर लावलं तरी गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवल्याशिवाय गोचीड जात नाहीत; ती अंडी तिथेच घालते.

६. सुई, हातमोजे, चिमटा

लसीकरणाच्या दिवशी घाई असते आणि एकाच सुईने सगळी दावण टोचली जाते. ल्युकोसिस, अ‍ॅनाप्लाझ्मा (हाही गोचीडांमुळे होणारा रक्ताचा रोग), चामखिळी, लंपी या सगळ्यांना ही सोयीची वाट आहे. प्रत्येक जनावराला नवी सुई घ्या, आणि ती तुम्ही विकत आणून ठेवा म्हणजे कुणाला सांगताना अवघड वाटत नाही. गाभण तपासताना डॉक्टरांचा लांब हातमोजा प्रत्येक गाईला नवा हवा. त्यावर डोळ्याला न दिसणारं रक्त असतं. टॅगचा चिमटा आणि शिंगं जाळायचं लोखंड दोन जनावरांच्या मधे धुऊन, निर्जंतुक करून घ्या.

लसी थोडक्यात: लाळ खुरकूत दर ६ महिन्यांनी; घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी वर्षातून एकदा; लंपी वर्षातून एकदा; ब्रुसेला फक्त कालवडींना, ४ ते ८ महिने वयात, आयुष्यात एकदाच. ब्रुसेलाची लस जिवंत जिवाणूची आहे. गाभण गाईला आणि गोऱ्ह्याला ती देत नाहीत, आणि टोचताना चुकून स्वतःच्या हाताला सुई लागली तर लगेच डॉक्टरकडे जायचं. लाळ खुरकूत आणि ब्रुसेलाची लस २०१९ पासून केंद्राच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात मोफत मिळते. कालवड आठ महिन्यांची होऊन गेली तर ती संधी गेली, म्हणून जन्मतारीख लिहून ठेवा.

७. कांडी निवडताना

कांडी स्वस्त किती आणि दूध किती वाढेल, यापलीकडे दोन गोष्टी विचारा. एक, वळू रोगमुक्त तपासलेला आहे का. मान्यताप्राप्त रेत केंद्रांत वळूंची क्षय, जोन्स, ब्रुसेला यांसाठी नियमित तपासणी होते. दोन, जनुकीय दोषांची तपासणी झाली आहे का.

दुसऱ्याचं महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. एचएफमध्ये ब्लॅड नावाचा दोष आहे. त्यात वासराच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडू शकत नाहीत, त्यामुळे जंतू जिथे आहे तिथे त्या पोचतच नाहीत. वासराला वारंवार न्यूमोनिया, हगवण, तोंडात फोड. जखम भरत नाही. औषध दिलं की बरं, थांबवलं की पुन्हा. मालकाला वाटतं गोठ्यातच रोग आहे. दोषाचं मूळ ऑस्बॉर्नडेल आयव्हॅन्हो या १९५२ साली जन्मलेल्या अमेरिकी वळूपर्यंत शोधून काढलेलं आहे. कृत्रिम रेतनामुळे तो जगभर पसरला. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर दर वेळी चारात एक वासरू असं निघण्याची शक्यता असते, आणि वाहक जनावर स्वतः ठणठणीत दिसतं. म्हणून भारतातल्या केंद्रांना वळूची या दोषासाठी तपासणी करावी लागते. ओळखीच्या माणसाकडून बिननंबरी कांडी घेऊ नका आणि एकाच वळूची कांडी त्याच्याच लेकीला वापरू नका. गावच्या वळूकडे गाय नेणंही टाळा.

घरात डोळ्याच्या कर्करोगाची गाय झाली असेल तर तिच्या लेकींना डोळ्याभोवती काळी कातडी असलेल्या वळूची कांडी मागा. जर्सी किंवा देशी वळूत ती सहज मिळते.

८. गाय गाभडली तर

ब्रुसेलोसिस असू शकतो आणि तो माणसालाही लागतो, म्हणून उघड्या हाताने काहीही उचलू नका. हातमोजे, तोंडाला फडकं, पायात गमबूट. घरातली गरोदर बाई आणि लहान मुलं त्या बाजूला फिरकू नयेत. वासरू आणि वार कुत्र्यांच्या तोंडी जाता कामा नये, ते गावभर पसरवतात. काही गावांत वार पोत्यात घालून चिकाच्या झाडाला बांधतात. साध्या विण्यातही ते बरं नाही. गाभडलेल्या गाईचं तर अजिबात नको. आधी डॉक्टरांना विचारून नमुना बर्फावर द्या, मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जागा सोड्याने नाही, चुन्याने किंवा फिनाइलने भिजवून घ्या. गाईची घाण पूर्ण थांबेपर्यंत ती वेगळी, आणि २-३ आठवड्यांनी तिचं रक्त पुन्हा.

नंतरच्या महिन्यांत घरात कुणाला येऊन-जाऊन ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणं, पुरुषाला अंडकोषाची सूज असं काही झालं तर दवाखान्यात स्वतःहून सांगा की घरी गाई आहेत आणि एक गाभडली होती. नाहीतर टायफॉइड, मलेरिया करत महिने जातात. उपचार किमान ६ आठवड्यांचा असतो, मधे सोडायचा नाही. धारोष्ण दूध पिण्याची जुनी हौस मात्र कायमची सोडा. दूध उकळूनच.

९. संशय आला की कुणाला सांगायचं

१९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री नंबर. लागणीचे अनुसूचित रोग कळवणं २००९ च्या केंद्रीय कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीला कळवलं तरी चालतं. ‘कळवलं तर दूध बंद होईल’ या भीतीने लोक लपवतात आणि पंधरा दिवसांत शेजारच्या वस्तीवर तेच सुरू होतं.

जनावर एकाएकी मेलं, पोट पटकन फुगलं आणि नाका-तोंडातून न गोठणारं काळसर रक्त येत असेल तर तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो. कातडं सोडवायला कुणाला बोलावू नका, कापू नका. उघडलं की त्याचे बीजाणू मातीत जातात आणि अनेक वर्षं टिकतात.

१०. वही

प्रत्येक गाईला एक पान: टॅग नंबर, कुणाकडून घेतली, अहवाल, लसी, रेतनाच्या तारखा आणि वळूचे नंबर, आई कोण, तिला काय झालं होतं. गाठ काढली असेल तर कुठली आणि कधी, तेही लिहा. गाय विकाल तेव्हा त्या पानाचा फोटो घेणाऱ्याला पाठवा, त्याने मागितला नाही तरी.